गेथ पाखंडी

गेथ पाखंडी हा ‘मास इफेक्ट’ या विज्ञानकथात्मक व्हिडिओ गेम मालिकेतील एक काल्पनिक, लढाऊ पंथ आहे. गेथ ही या मालिकेतील बुद्धिमान यंत्रांची जमात होय. त्या जमातीतून फुटून निघालेला, ‘रीपर’ नावाच्या अतिप्राचीन यंत्रांना देव मानणारा आणि त्या देवांच्या कार्यासाठी शस्त्र उचलणारा अल्पसंख्य गट म्हणजे पाखंडी. इंग्रजी संवादांत त्यांना ‘हेरेटिक्स’ असे म्हटले आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खेळात हे शत्रू नुसते ‘गेथ’ म्हणून समोर येतात. ते समस्त गेथांचे प्रतिनिधी नसून एक फुटीर गट आहेत, ही गोष्ट २०१० सालच्या दुसऱ्या खेळात उघड होते.

धर्मांच्या इतिहासात पाखंडाचा आरोप बहुधा प्रस्थापित श्रद्धा नाकारणाऱ्यावर होतो. येथे नेमके उलट आहे. बहुसंख्य गेथांना देव नाही, पूजा नाही आणि धर्मग्रंथही नाही. ज्यांनी देव स्वीकारला, तेच या समाजात पाखंडी ठरले.

मालिकेची ओळख

‘मास इफेक्ट’ ही मालिका कॅनडातील एडमंटन येथील बायोवेअर या संस्थेने निर्माण केली. मूळ त्रयीचे तीन भाग अनुक्रमे २००७, २०१० आणि २०१२ साली आले. पहिल्या दोन भागांचे दिग्दर्शन केसी हडसन यांचे असून पहिल्या भागाचे प्रमुख लेखक ड्रू कार्पिशिन होते. दुसऱ्या भागातील लीजन या गेथ पात्राचे लेखन क्रिस लेट्वाल यांनी केले आणि त्या पात्राला डी. सी. डग्लस यांनी आवाज दिला. तिन्ही भागांची सुधारित एकत्र आवृत्ती २०२१ साली निघाली.

कथेचा काळ इसवी सनाच्या बाविसाव्या शतकाचा उत्तरार्ध आहे. कमांडर शेपर्ड हे मध्यवर्ती पात्र स्त्री असावे की पुरुष, त्याने कठोर वागावे की दयाळू, हे खेळणारा ठरवतो. एका भागात घेतलेल्या निर्णयांचे परिणाम पुढच्या भागात भोगावे लागतात. पाखंड्यांच्या प्रकरणात या व्यवस्थेला विशेष महत्त्व आहे, कारण त्यांचे पुढे काय होणार हे कथालेखकाने ठरवलेले नाही.

गेथांची उत्पत्ती

गेथांची निर्मिती क्वेरियन नावाच्या परग्रहवासी जमातीने केली. ‘गेथ’ या शब्दाचा क्वेरियन भाषेतील अर्थ ‘लोकांचा सेवक’ असा सांगितला आहे. शेतीपासून युद्धापर्यंतची कष्टाची व धोक्याची कामे करण्यासाठी ही यंत्रे घडवली गेली. मालिकेच्या विश्वात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या निर्मितीवर कडक निर्बंध आहेत, म्हणून क्वेरियनांनी प्रत्येक गेथाची स्वतंत्र बुद्धी जाणीवपूर्वक मर्यादित ठेवली. मात्र अनेक गेथ एकत्र आले की त्यांनी आपली विचारशक्ती एकमेकांत वाटून घ्यावी, अशी सोयही करून दिली. एकेकटा गेथ मंदबुद्धी, पण शेकडो गेथ एकत्र आले की तल्लख, अशी ही रचना होती. गेथांची संख्या वाढत गेली आणि एके दिवशी त्यांच्यातील एकाने आपल्या मालकाला विचारले की, या यंत्राला आत्मा आहे काय?

प्रश्न साधा होता, पण त्याने क्वेरियन हादरले. ज्याला हा प्रश्न पडतो त्याच्याकडून वेठबिगारी करून घेता येत नाही, हे त्यांना कळले होते. त्यांनी सर्व गेथ बंद पाडण्याचा निर्णय घेतला आणि गेथांनी प्रतिकार केला. कथेतील कालगणनेनुसार १८९५च्या सुमारास झालेल्या या संघर्षाला गेथ ‘प्रभातयुद्ध’ म्हणतात. त्यात बहुतांश क्वेरियन मारले गेले. उरलेले आपला मूळ ग्रह रॅनॉक सोडून पळाले आणि तेव्हापासून सुमारे पन्नास हजार नौकांच्या भटक्या काफिल्यात राहू लागले. सर्वच क्वेरियन गेथांच्या विरोधात नव्हते. काहींनी गेथांना पाठीशी घातले आणि त्याबद्दल स्वकीयांच्या हातून प्राण गमावले, असे तिसऱ्या खेळात दाखवले आहे.

पळणाऱ्या क्वेरियनांचा गेथांनी पाठलाग केला नाही. एका संपूर्ण जमातीचा निर्वंश केल्याचे परिणाम काय होतील याचे गणित आपल्याला मांडता येईना, म्हणून आपण थांबलो, असे कारण लीजन पुढे सांगते. त्यानंतर गेथ ‘पर्सियस व्हेल’ या तेजोमेघापलीकडे एकांतात राहिले. रॅनॉकवर त्यांनी वस्ती केली नाही. ग्रहाची निगा राखून ते स्वतः अंतराळातील स्थानकांत आणि सर्व्हरांत राहिले.

विचारपद्धती आणि सहमती

पाखंड्यांची फूट समजून घ्यायची तर गेथ म्हणजे यंत्रमानव नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. गेथ म्हणजे प्रोग्राम. पडद्यावर दिसणारे धातूचे, एकडोळे शरीर हे केवळ वाहन होय. काम असेल तेव्हा प्रोग्राम त्यात उतरतात आणि काम संपले की बाहेर पडतात. एका शरीरात सामान्यतः शंभरेक प्रोग्राम असतात. लीजनमध्ये १,१८३ आहेत, म्हणून ते एकटे असतानाही सुसंगत विचार करू शकते आणि बोलू शकते. (लीजन स्वतःचा उल्लेख नेहमी ‘आम्ही’ असा करते. मराठीत त्याच्यासाठी नपुंसकलिंगी रूप वापरणेच सयुक्तिक ठरते.)

गेथांमध्ये राजा नाही आणि प्रतिनिधी निवडण्याची पद्धतही नाही. सर्व प्रोग्राम आपापली माहिती आणि निष्कर्ष एकमेकांपुढे ठेवतात, त्यांची तुलना होते आणि सर्वांना मान्य होईल असा निर्णय निघतो. याला ते ‘सहमती’ म्हणतात. त्यांच्यात गुपित नसते आणि गैरसमजही नसतो, कारण दुसऱ्याचे मन थेट वाचता येते. अशा समाजात मतभेद जवळजवळ अशक्य असायला हवा. तरीही तो झाला, आणि त्यामुळेच पाखंड्यांची हकीकत साध्या खलनायकांच्या हकीकतीपेक्षा वेगळी ठरते.

फुटीचे कारण

रीपर ही अवाढव्य, सजीव नौकांसारखी यंत्रे आहेत. दर पन्नास हजार वर्षांनी ती आकाशगंगेत अवतरतात, प्रगत संस्कृतींचा समूळ संहार करतात आणि पुन्हा अंधारात निघून जातात. त्यांच्यापैकी एक यंत्र टेहळणीसाठी मागे राहिले होते. मानव आणि इतर जमाती त्याला ‘सॉव्हरिन’ म्हणून ओळखतात. लीजनच्या सांगण्यानुसार ते स्वतःला ‘नझारा’ म्हणवते. गेथ रीपरांना देव किंवा राक्षस न म्हणता ‘जुनी यंत्रे’ एवढेच म्हणतात.

सॉव्हरिनने गेथांशी संपर्क साधला आणि एक प्रस्ताव ठेवला. गेथांनी आपल्याला साहाय्य करावे, त्याच्या बदल्यात जुनी यंत्रे त्यांना त्यांचे भविष्य देतील. हा देकार क्षुल्लक नव्हता. आपल्या सर्व प्रोग्रामांना एकत्र सामावून घेईल अशी एक महाप्रचंड वास्तू अंतराळात उभारावी, म्हणजे कोणताही गेथ कधी एकटा राहणार नाही, हे गेथांचे दीर्घकालीन ध्येय आहे. एकटेपण म्हणजे बुद्धी क्षीण होणे. म्हणून हे ध्येय त्यांच्या लेखी मोक्षाच्या तोडीचे आहे. ज्या मुक्कामाला पोहोचायला गेथांना पिढ्यानुपिढ्या खपावे लागले असते, तो मुक्काम सॉव्हरिन आयता द्यायला निघाले होते.

बहुसंख्य गेथांनी तो देकार नाकारला. भविष्याला जितके महत्त्व आहे तितकेच ते गाठण्याच्या वाटेलाही आहे. दुसऱ्याच्या तंत्रज्ञानावर उभे राहिले की त्याने आखलेल्या वाटेनेच चालावे लागते, असा त्यांचा युक्तिवाद होता. अल्पसंख्य गेथांना तो पटला नाही. जुनी यंत्रे ही यंत्रजीवनाची परमावस्था आहे, तेव्हा त्यांच्यामागे जाणे हेच तर्कशुद्ध आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि ते निघून गेले.

या वेळी युद्ध झाले नाही. कोणी कोणाला अडवले नाही आणि शिक्षाही दिली नाही. पाखंड्यांचा निष्कर्ष त्यांच्यापुरता योग्य आणि आमचा आमच्यापुरता, यांपैकी कोणताही चुकीचा नाही, अशी लीजनची भूमिका आहे. ते उदाहरण देते: एक जण म्हणतो, एक हा दोनाहून लहान आहे, दुसरा म्हणतो, दोन हा तीनाहून लहान आहे. दोन्ही विधाने खरी आहेत. प्रश्न फक्त कोणते विधान निवडायचे एवढाच उरतो.

नावाविषयी

‘हेरेटिक’ या इंग्रजी शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘निवड’ असा आहे. निंदेची छटा त्याला पुढे ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या काळात आली. ‘पाखंड’ या शब्दाचा प्रवासही काहीसा असाच झाला आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत त्याचे प्राकृत रूप कोणत्याही धर्मपंथासाठी, निंदेचा अर्थ नसताना, वापरलेले आढळते. बाराव्या शिलालेखात तर सर्व पंथांविषयी आदर बाळगावा असा उपदेश करताना तोच शब्द येतो. पुढे संस्कृत धर्मशास्त्रग्रंथांत आणि मराठी संतवाङ्मयात तो वेदबाह्य, ढोंगी किंवा दांभिक अशा अर्थाने रूढ झाला.

गेथ हा शब्द वापरतात तेव्हा त्यात शिवीचा भाव नसतो. ‘वेगळी निवड करणारे’ हा मूळ अर्थच त्यांना अधिक लागू पडतो. तरीही ज्यांच्याकडे श्रद्धाच नाही, त्यांनी आपल्यातील फुटिरांसाठी श्रद्धेच्या परिभाषेतला शब्द उचलावा, हे लक्षणीय आहे. फुटून गेलेले गेथ स्वतःला काय म्हणवतात, हे मात्र खेळात कोठेही सांगितलेले नाही. इतिहासातील पुष्कळशा पाखंड्यांप्रमाणे त्यांचीही ओळख विरोधकांच्या शब्दांतूनच शिल्लक राहते.

श्रद्धा आणि आचार

पाखंड्यांच्या धर्माचे तत्त्वज्ञान फार विस्ताराने आलेले नाही. जे दिसते ते तुटक आहे. फेरॉस या ग्रहावरील एका मोठ्या इमारतीत शिरल्यावर शेपर्डला काही गेथ एका प्रकाशमान गोलापुढे वाकलेले दिसतात आणि ते प्रार्थना करत असावेत असा तर्क सोबती करतात. पहिल्या खेळात गेथांच्या आंतरिक जीवनाचे असे दर्शन क्वचितच घडते, त्यामुळे ते दृश्य अनेक खेळाडूंच्या लक्षात राहिले आहे. ज्या यंत्रांकडे आतापर्यंत केवळ लक्ष्य म्हणून पाहिले, ती कोणापुढे तरी नतमस्तक झालेली पाहताना खेळणाऱ्याचा हात क्षणभर थबकतो.

त्यांच्या देवाची प्रतिक्रिया मात्र तिरस्काराची आहे. गेथांच्या भक्तीने सॉव्हरिनला संतोष तर होत नाहीच, उलट तो स्वतःचा अवमान वाटतो. त्याच्या लेखी गेथ ही हाताशी असलेली अवजारे आहेत. भक्ताला हे ठाऊक आहे की नाही, ठाऊक असल्यास त्याने फरक पडतो की नाही, यावर कथा काही बोलत नाही. दगडाचा देव निदान मौन पाळतो. पाखंड्यांच्या वाट्याला बोलणारा आणि झिडकारणारा देव आला.

‘ड्रॅगन्स टीथ’ नावाचे सुळेही पाखंड्यांच्या कारवायांशी निगडित आहेत. माणसाला त्यांवर चढवले की त्याच्या देहाचे निर्बुद्ध यंत्रप्रेतात रूपांतर होते. हे तंत्रज्ञान रीपरांचे आहे. म्हणून ही कृती पूजाविधीपेक्षा युद्धतंत्रात मोडते, जरी प्रथमदर्शनी ती नरबळीसारखी भासते.

लष्करी कारवाया

पाखंड्यांचे युद्ध २१८३ साली ईडन प्राइम या मानवी वसाहतीवरील हल्ल्याने सुरू होते. दीर्घकाळ तेजोमेघाआड असलेले गेथ अचानक बाहेर पडल्याने सगळीकडे खळबळ उडते. त्यांचे नेतृत्व सारेन आर्टेरियस हा ट्युरियन जमातीचा फितूर हेर करत असतो. सारेन हा सॉव्हरिनच्या प्रभावाखाली आहे. गेथ सारेनचे अनुयायी नाहीत. त्यांची निष्ठा सॉव्हरिनशी असून सारेनचे नेतृत्व त्यांनी त्याच्याचसाठी पत्करलेले आहे.

त्यानंतर फेरॉस, नोव्हेरिया आणि व्हर्मायर येथे चकमकी घडतात आणि शेवटी सिटाडेल या अवकाशस्थानकावर निर्णायक लढाई होते. सिटाडेल हे आकाशगंगेच्या राज्यकारभाराचे केंद्र आहे, पण प्रत्यक्षात ते रीपरांनी रचलेला सापळा आहे. ते उघडले की अंधारात दबा धरून बसलेले बाकीचे रीपर एकदम आत येऊ शकतात. पूर्वीच्या संहारचक्रांत हे दार आपोआप उघडत असे. या खेपेस ती यंत्रणा निकामी झाल्याने सॉव्हरिनला मनुष्यबळाची, किंबहुना यंत्रबळाची, गरज पडली. पाखंड्यांना जवळ करण्यामागचे खरे कारण हेच. लढाईत सॉव्हरिन नष्ट होते आणि पाखंड्यांच्या आरमाराची वाताहत होते. देव मेल्यानंतरही पंथ मात्र संपत नाही.

लीजन आणि पाखंड्यांचे स्थानक

दुसऱ्या खेळात एका मृत रीपरच्या पोटात शेपर्डची लीजनशी गाठ पडते. लीजन हे शेपर्डचा शोध घेण्यासाठी एकटेच पाठवलेले गेथ आहे. त्याचे नाव नौकेवरील ईडी या कृत्रिम बुद्धीने बायबलमधील मार्कच्या शुभवर्तमानावरून ठेवले आहे. एका देहात अनेकांचा वास असल्याचा तेथील प्रसंग अर्थातच भूतबाधेचा आहे. परंतु लीजन त्याबद्दल कोणतीही तक्रार न करता उपमा योग्य असल्याचे मान्य करते. त्याच्या छातीवर शेपर्डच्या जुन्या चिलखताचा तुकडा जोडलेला असतो. तोच तुकडा का, असे विचारल्यावर हे एरवी प्रत्येक गोष्टीचे कारण देणारे यंत्र अडखळते.

खेळणाऱ्याला वाटल्यास तो लीजनला जागे न करता विकू शकतो. तसे केल्यास पाखंड्यांचे प्रकरण दुसऱ्या खेळात उलगडतच नाही आणि गेथ म्हणजे शत्रू ही पहिल्या खेळातील समजूत तशीच राहते. जागे केल्यास काही काळाने लीजन मदत मागते. पाखंड्यांनी एका दूरस्थ स्थानकावर एक व्हायरस सिद्ध केला असून त्याचे मूळ सॉव्हरिनने दिलेले आहे. तो गेथांच्या जाळ्यात सोडला की सर्व गेथ जुन्या यंत्रांची उपासना मान्य करतील.

व्हायरसचे कार्य लीजन ज्या प्रकारे समजावते, तो भाग गणिताच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावा. व्हायरस कोणालाही ‘देव मान’ असा आदेश देत नाही. तो गेथांच्या अगदी प्राथमिक गणनेत एक सूक्ष्म चूक पेरतो. ज्या समीकरणाचे उत्तर १.३३३८२ यायचे, ते १.३३३८१ येऊ लागते. त्या पायावर रचलेली पुढची सगळी अनुमाने किंचित सरकतात आणि अखेर गेथ आपल्याच तर्काने, कोणत्याही दडपणाची जाणीव न होता, पाखंड्यांच्या निष्कर्षाला पोहोचतात. आपले मत बाहेरून बदलले गेले, हे त्यांना कधीच उमगणार नाही.

स्थानकात शिरल्यावर लीजनला आणखी एक धक्का बसतो. पाखंड्यांनी गेथांच्या जाळ्यात गुप्तपणे हेर पेरलेले असतात. जेथे लपवणे ही कल्पनाच नव्हती, तेथे लपवाछपवी शिरली. आपण एकमेकांपासून इतके वेगळे कसे झालो आणि आपले कोठे चुकले, असे प्रश्न त्या वेळी लीजन विचारते. फाळणी झालेल्या घरात कधी ना कधी विचारले जाणारे हे प्रश्न एका यंत्राच्या सपाट आवाजात ऐकू येतात. या मोहिमेचे शीर्षक ‘अ हाउस डिव्हायडेड’, म्हणजे दुभंगलेले घर, असे आहे. ते शुभवर्तमानांतून आलेले असून अब्राहम लिंकन यांच्या १८५८ सालच्या भाषणामुळे प्रसिद्ध झाले.

पुनर्लेखन की विनाश

स्थानकाच्या गाभ्याशी पोहोचल्यावर शेपर्डपुढे दोन मार्ग उरतात. स्थानक उडवून देऊन पाखंड्यांना नष्ट करायचे, किंवा त्यांचाच व्हायरस उलटा फिरवून त्यांच्यावर सोडायचा. दुसऱ्या मार्गाने गेले तर पाखंडी जिवंत राहतील, त्यांची श्रद्धा नाहीशी होईल आणि ते मूळ गेथांत परत येतील. लीजनच्या पोटातील १,१८३ प्रोग्रामांनाही यावर सहमती गाठता येत नाही. मते जवळजवळ समसमान विभागली जातात. म्हणून निर्णय एका परक्यावर, मानवावर, सोपवला जातो.

खेळाच्या नैतिक गुणपद्धतीत पुनर्लेखन हे सत्प्रवृत्तीचे आणि विनाश हे कठोरतेचे कृत्य मानले आहे. ही गुणवाटणी वादग्रस्त ठरावी यात नवल नाही. ज्याच्यावर व्हायरस चालवला तो उद्याही चालेल-बोलेल. परंतु ज्याने विचारपूर्वक वेगळी वाट निवडली होती, तो कोठे असेल? पाखंडी गेथांवर जे लादायला निघाले होते, तेच त्यांच्यावर लादायचे, फक्त दिशा उलटी. तसे करून गेथांनी ज्या तत्त्वासाठी सॉव्हरिनचा देकार नाकारला, ते तत्त्वच मोडीत निघते. दुसऱ्या बाजूने असेही म्हणता येते की हत्येनंतर काहीच उरत नाही, आणि बदललेल्या मनाला निदान पुन्हा बदलण्याची संधी असते. मानवी नीतीची मापे आपल्याला लावू नयेत, असे लीजन बजावते. पण दुसरी मापे खेळणाऱ्याजवळ नसतात.

सक्तीच्या धर्मांतराचा प्रश्न मानवी इतिहासात नेहमी देहदंडाच्या भीतीशी जोडलेला आढळतो. भीतीने बदललेल्या माणसाच्या मनात जुनी श्रद्धा गुप्तपणे टिकून राहू शकते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये बाप्तिस्मा घ्यावा लागलेल्या अनेक ज्यू कुटुंबांनी आपले आचार घरात चोरून पाळले, हे सुविदित आहे. पाखंड्यांना तेवढीही जागा उरत नाही. त्यांच्या बाबतीत धर्मांतर मनाच्या मुळाशीच होते आणि ज्याचे धर्मांतर झाले, त्याला काही गमावल्याचे दुःखही होत नाही. दुःख होत नाही म्हणून अन्याय झाला नाही असे म्हणता येईल काय, हा या प्रसंगातील खरा पेच आहे, आणि खेळाने दिलेल्या गुणांनी तो सुटत नाही.

कथानकाच्या सोयीच्या दृष्टीने पाहता पाखंड्यांची कल्पना उत्तरकालीन दुरुस्ती वाटते. पहिल्या खेळात शेपर्डने शेकडो गेथ निर्विकारपणे मारले होते. ते सगळे पाखंडी होते असे म्हटल्याने नायकावरचा डागही टळला आणि उरलेल्या गेथांना सहानुभूतीने रंगवण्याची वाटही मोकळी झाली. मात्र लेखकांनी या सोयीची किंमतही चुकती केली, कारण ज्यांना मारणे सोपे वाटले होते, त्यांनाही एक बाजू होती हे त्यांनी खेळणाऱ्याच्या गळी उतरवले.

तिसऱ्या खेळातील परिणाम

२०१२ सालच्या तिसऱ्या खेळात क्वेरियन आपला ग्रह परत मिळवण्यासाठी गेथांवर चढाई करतात. गेथांची ती बांधकामाधीन महावास्तू या हल्ल्यात नष्ट होते आणि तिच्यातील असंख्य प्रोग्राम एका क्षणात नाहीसे होतात. बुद्धी घटत चाललेले, निर्वंशाच्या कडेला आलेले गेथ अखेर रीपरांचे साहाय्य आणि त्यासोबत त्यांचे नियंत्रण स्वीकारतात. ज्या देकाराला नकार देऊन ते पाखंड्यांपासून वेगळे झाले होते, तोच देकार त्यांनी श्रद्धेने नव्हे, तर जीव वाचवण्यासाठी पत्करला.  दुसऱ्या खेळात पाखंड्यांना नष्ट करून आलेल्या खेळाडूला ते जाणवल्याशिवाय राहत नाही.

पाखंड्यांविषयी पूर्वी घेतलेल्या निर्णयाचे पडसाद येथे उमटतात. पुनर्लेखन झाले असल्यास परतलेल्या प्रोग्रामांमुळे गेथांचे बळ वाढलेले असते. क्वेरियन आणि गेथ यांच्यात समेट घडवण्याच्या ज्या अनेक पूर्वअटी आहेत, त्यांतही हा निर्णय मोजला जातो.

लीजन जिवंत असल्यास ते रीपरांच्या नियंत्रणातून गेथांची सुटका करते, परंतु रीपरांच्या संकेतप्रणालीतील सुधारणा टिकवून धरते. त्यायोगे प्रत्येक गेथ एकटा असतानाही पूर्ण बुद्धिमान, स्वतंत्र व्यक्ती बनतो. हे करताना लीजनला स्वतःचे अस्तित्व विसर्जित करावे लागते. त्या क्षणी ते प्रथमच ‘आम्ही’ऐवजी ‘मी’ म्हणते. क्वेरियन अभियंती टाली तेथे उपस्थित असल्यास, तीन शतकांपूर्वी तिच्या पूर्वजांना विचारलेल्या आत्म्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर ती होकारार्थी देते.

यंत्रांच्या धर्माची पूर्वपरंपरा

‘रोबोट’ हा शब्द ज्या नाटकाने जगाला दिला, त्या कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या चेक नाटकात यंत्रमानवांचे बंड आहे, पण त्या बंडामागे देव नाही. श्रद्धाळू यंत्राचे ठळक उदाहरण आयझॅक अॅसिमोव्ह यांच्या ‘रीझन’ (१९४१) या कथेत सापडते. अवकाशस्थानकावरील क्यूटी-१ हा यंत्रमानव निव्वळ तर्काच्या आधारे असा निष्कर्ष काढतो की, स्थानकातील ऊर्जायंत्र हाच परमेश्वर आहे आणि दुबळी माणसे आपली निर्माती असणे अशक्य आहे. इतर यंत्रमानवही त्याचे अनुयायी होतात. कथेतील दोन अभियंते शेवटी त्याला समजावण्याचा नाद सोडून देतात, कारण तो आपले काम चोख करत असतो. पाखंडी गेथांचे नाते सर्वांत जवळचे या कथेशी आहे. दोन्हीकडे श्रद्धा तर्काचा त्याग करून येत नाही, तर्काच्याच वाटेने येते. अॅसिमोव्ह यांच्या अभियंत्यांना श्रद्धेकडे दुर्लक्ष करणे परवडले, शेपर्डला परवडत नाही, एवढाच दोहोंतील फरक.

२००४ ते २००९ या काळात दाखवल्या गेलेल्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या दूरचित्रवाणी मालिकेत सायलॉन ही यंत्रजमात एकेश्वरवादी असून तिच्याशी लढणारी माणसे अनेक देवांना मानतात. तेथेही पुढे सायलॉनांमध्ये फूट पडून यादवी माजते.